दरपत्रक कोणी उघडले?

प्रश्न : सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा कारखाना आहे. निर्यातीची दरपत्रके मायक्रोसॉफ्टच्या शेअरपॉइंटवर असतात. त्यांतले एक बाहेर गेल्याचा संशय आहे. ते कोणी उघडले, हे कळू शकेल का?

उत्तर : कळू शकेल, मात्र आधी ऑडिट नोंदी (कोणत्या खात्याने कोणती फाइल कधी हाताळली, याच्या आपोआप होणाऱ्या नोंदी) उतरवून घ्याव्यात. नेहमीच्या परवान्यात मायक्रोसॉफ्ट या नोंदी १८० दिवस ठेवते (ऑक्टोबर २०२३ पूर्वी ही मुदत ९० दिवसांची होती), आणि मुदत उलटली की त्या परत मिळत नाहीत. शोध घेताना फाइल उघडणे, डाउनलोड करणे आणि शेअरिंगची लिंक तयार करणे या तिन्ही कृती तपासाव्यात, कारण ‘लिंक असलेल्या कोणालाही’ अशी परवानगी दिली असेल, तर बाहेरच्या माणसाचे नाव नोंदीत येत नाही. ती लिंक कोणी तयार केली, हे मात्र दिसते.

उतरवलेल्या नोंदींतील वेळ जागतिक प्रमाणवेळेत असते. तेथे दुपारचे १:१० दिसत असतील, तर सोलापुरात संध्याकाळचे ६:४० झालेले असतात. एवढ्या फरकाने भलत्याच पाळीतल्या माणसावर आळ येऊ शकतो.

नोंदीत दिसते ते खाते, माणूस नव्हे. डिस्पॅचमधील चौघे एकाच पासवर्डने काम करत असतील (आणि अनेक कारखान्यांत ते तसेच करतात), तर ऑडिट तेथेच अडते. प्रत्येकाला स्वतंत्र खाते आजच द्यावे. मागच्या प्रकरणात मात्र हजेरीपटाशी ताळा घालण्यावाचून मार्ग नाही.