गप्प माणसाची निवृत्ती

प्रश्न : आदरणीय ताई, माझं वय ५९. डोंबिवलीत राहतो, फोर्टमधल्या एका ऑफिसात हिशेबाचं काम करतो, येत्या ३० नोव्हेंबरला निवृत्त होतोय. लहानपणापासून अबोल. पाहुणे आले की आतल्या खोलीत जाऊन बसायचो. चाळिशीच्या सुमारास मात्र बराच मोकळा झालो, सोसायटीचा खजिनदारही होतो. गेली तीन-चार वर्षं पुन्हा माणसं नकोशी वाटतात. लग्नात पंगतीला शेजारचा काय म्हणतो ते पटकन लागत नाही. मी नुसती मान हलवतो आणि घरी येऊन दमून झोपतो. लोकलमध्ये आमचा पाच जणांचा ग्रुप आहे, गप्पा काय त्या तेवढ्याच. बायकोने ज्येष्ठ नागरिक संघाचा अर्ज आणून ठेवलाय. माझं काही बिघडलंय का, की वयच असं असतं?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : पंगतीचं वाक्य तुम्ही सहज लिहून पुढे गेलात. मी तिथेच थांबले. शेजारच्याचं बोलणं न लागणं हा स्वभाव नव्हे, तो कान असू शकतो.

उतारवयात बहुतेकांचे उंच पट्टीतले आवाज आधी कमी होतात. स, श, फ यांसारखी व्यंजनं निसटतात आणि स्वर तेवढे राहतात. त्यामुळे आवाज येतो, शब्द लागत नाही. घरात दोघंच असताना काही जाणवत नाही, पण मंगल कार्यालयाच्या गोंगाटात प्रत्येक वाक्य अंदाजाने जुळवावं लागतं आणि त्यात माणूस थकून जातो.

हे माझ्यावरून सांगते. ६६ व्या वर्षी मी भिशी सोडली. ‘साठ’ की ‘आठ’ ते कळायचं नाही, सगळ्या हसल्या की मीही हसायचे. मी मूळची अबोल, साताऱ्याच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होते. वय झालं, आता माणसं नकोत, अशी मी स्वतःची समजूत घातली. दोन वर्षं गेली. मग एकदा भाची दारात रडवेली उभी, ‘मावशी, तीनदा बेल वाजवली गं!’ तपासणी झाली, दोन्ही कानांना यंत्रं आली आणि त्या दिवाळीत मी भिशीला परत गेले. बडबडा माणूस गप्प झाला की घर लगेच डॉक्टर गाठतं. आपण गप्प झालो तर कुणाच्या लक्षातही येत नाही, ‘तो पहिल्यापासून तसाच’ म्हणून विषय संपतो. म्हणून आपली चौकशी आपल्यालाच करावी लागते. या महिन्यातच कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जाऊन ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घ्या. आणि एकट्याने करण्याची आवडती कामंही, म्हणजे वाचन, गाणी, फिरणं, नकोशी झाली असतील, झोप-भूक बिघडली असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा. एकांत आवडणाऱ्या माणसाला एकांतातही चैन पडेना, तर तो आजार असू शकतो.

आता वयाचं. मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांनी १९२१ च्या आपल्या ग्रंथात अंतर्मुख आणि बहिर्मुख ही विभागणी मांडली, तेव्हापासून आपण एकदा अंतर्मुख म्हणजे कायमचे तसेच असं धरून चालतो. २००६ साली, वयाबरोबर स्वभाव कसा बदलतो यावरच्या ९२ दीर्घकालीन अभ्यासांची एकत्र छाननी झाली, तिच्यात चित्र वेगळं दिसलं. लोकांसमोर ठामपणे वागण्याचा धीर विशीपासून चाळिशीपर्यंत वाढतो. माणसांत रमण्याची हौस मात्र म्हातारपणी कमी होते, बोलक्यांचीसुद्धा. तुमची खजिनदारी आणि आताचा कंटाळा, दोन्ही यात बसतात. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ लॉरा कार्स्टेन्सन यांचं म्हणणं असं, की पुढचा काळ थोडा उरलाय असं वाटू लागलं की माणूस ओळखीपाळखीची गर्दी आपण होऊन कमी करतो आणि जवळच्यांना धरून राहतो. हे मला पटतं. पण त्यात आपल्यासारख्यांची एक अडचण आहे. ज्याचे चाळीस जण, त्याचे वीस गळले तरी वीस उरतात. माझ्या मैत्रिणीच चार होत्या. एक वारली, एक मुलाकडे बंगळुरूला गेली, एकीला आता मी ओळखू येत नाही.

आणि माझी माणसं येत होती ती यजमानांच्या ओळखीतून. बोलावणी त्यांना यायची, मी सोबत जायचे. २०१६ साली ते गेले आणि सहा महिन्यांत फोन वाजायचा थांबला. कुणी वाईट वागलं नाही. ‘तिला एकटंच आवडतं’ असं सगळ्यांनी मनापासून मानलं होतं. तुमच्याही घरी नाती सांभाळायचं काम बायकोच करत असणार, अर्ज तिनेच आणलाय त्यावरून दिसतं. निदान दोन माणसं तरी अशी हवीत, ज्यांना तुम्ही स्वतः फोन करता.

संघाचा अर्ज आत्ताच भरू नका. अनोळखी पन्नास माणसांत नुसतं जाऊन बसणं आपल्याला झेपत नाही. आपल्याला हाताला काम लागतं, बोलणं त्याच्या ओघात येतं. तुम्हाला हिशेब येतो. जवळच्या वाचनालयात, गणेश मंडळात जमाखर्च लिहायला माणूस हवाच असतो. आठवड्यातून दोन सकाळी, ठरलेल्या वारी जा. वार ठरलेलाच हवा, कारण लोकलने तुमच्यासाठी तेच केलं. तुम्ही त्या चौघांना कधी बोलावलं नसेल, त्यांनीही तुम्हाला नाही. गाडीच्या वेळेने तुम्हाला रोज एकत्र आणलं, चौथ्या सीटवर सरकून जागा दिली, दसऱ्याला डबा सजवायला वर्गणी काढायला लावली. ३० नोव्हेंबरनंतर बोलावणारं कुणी नसेल.

त्या चौघांपैकी किती जणांची पूर्ण नावं तुम्हाला ठाऊक आहेत? पास संपण्याआधी विचारून घ्या. नंबर घ्या. डिसेंबरमधल्या एखाद्या रविवारी त्यांतल्या ज्या एकाशी गप्पा मारताना दमायला होत नाही, त्याला घरी चहाला बोलवा. एकालाच.