पितळी लॅम्पला कापडी वायर जोडताना

जुन्या नाशकातल्या वाड्यातून आलेला पितळी टेबल लॅम्प, त्याची उसवलेली पिळाची कापडी वायर, आणि तशीच दिसणारी नवी वायर घालून होल्डर घरीच जोडायची इच्छा, असा तुमचा प्रश्न आहे. दुकानदाराने दोन तारांची वायर दिली आणि एवढ्याशा बल्बला काही होत नाही म्हणाला, असंही तुम्ही लिहिलंय.

ताई, ती वायर परत करा. भाराचं म्हणाल तर दुकानदार बरोबर आहे. ९ वॅटचा एलईडी जेमतेम ०.०४ अँपिअर करंट घेतो, ०.७५ चौरस मिलिमीटरच्या वायरला ते काहीच नाही. पण लॅम्प पितळेचा आहे. आत फेजच्या (करंट आणणाऱ्या) तारेचं आवरण फाटून ती पितळेला टेकली तर अख्खा लॅम्प २३० व्होल्टवर येतो, आणि बल्ब मात्र नेहमीसारखा पेटत राहतो. त्यामुळे कुणाला पत्ताही लागत नाही. म्हणून तीन तारांची, म्हणजे थ्री कोअर कापडी वायर घ्या: तपकिरी फेज, निळी न्यूट्रल (करंट परत नेणारी), हिरवी-पिवळी अर्थिंग (पितळेवर उतरलेला करंट जमिनीत नेणारी). दोन तारांची वायर चालते ती बेकेलाइटचा होल्डर नुसता छताला टांगायचा असेल आणि हात लागेल असं धातूचं काही नसेल तेव्हा. शोभेची थ्री कोअर नाहीच मिळाली, तर इस्त्रीची काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची वायर कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळते. तीही थ्री कोअरच असते आणि पितळेवर छान दिसते.

जुनी वायर जपून वापरायचा मोह मात्र नको. कापडाच्या आत त्या काळी रबर असायचं. बल्बच्या उष्णतेने आणि हवेने ते कडक होतं, वाकवलं की बिस्किटासारखं तुकडे पडून गळतं. वरून कापड शाबूत दिसतं, आत तांबं उघडं.

आता जोडणी. कापडी वायर सरळ कापली की दोरे लगेच उसवतात, म्हणून कापायच्या जागी आधी काळी टेप घट्ट गुंडाळा आणि टेपच्या मधोमध कापा. नंतर त्यावर हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केली की आवळणारी नळी) चढवली की टोक नीटनेटकं राहतं. लायटरने टोक जाळू नका. सुती असेल तर पेट घेतं, पॉलिस्टर असेल तर वितळून आतल्या इन्सुलेशनला चिकटतं. बाहेरचं कापड तीन-चार सेंटिमीटर मागे घ्या, आतल्या तारा ८-१० मिलिमीटरच सोला. बारीक तारांना पीळ द्या आणि त्या दुमडून स्क्रूखाली घाला. एकही बारीक तार बाहेर राहता कामा नये. टोकाला कथील लावायची सवय काहींना असते, ती इथे नको. कथील दाबाखाली हळूहळू बसतं आणि स्क्रू सैल पडतो.

पिनवाला होल्डर असेल तर फेज-न्यूट्रल कुठल्याही बाजूला चालतात. आट्यांचा असेल तर फेज मधल्या टिकलीला आणि न्यूट्रल आट्यांच्या कडीलाच हवी, नाहीतर बल्ब बदलताना बोट थेट फेजला लागतं. हिरवी तार लग (टोकाला दाबून बसवायची धातूची कडी) लावून, खरवडून चकचकीत केलेल्या पितळेवर स्क्रूने आवळा, आणि आत ती बाकी दोघींपेक्षा थोडी लांब ठेवा. वायर कुणी ओढलीच तर अर्थिंग सगळ्यात शेवटी सुटली पाहिजे.

ओढ स्क्रूंवर येऊ द्यायची नाही, हे सगळ्यात जास्त दुर्लक्षलं जातं. लॅम्पच्या तळाच्या भोकात ग्रोमेट, म्हणजे भोकाच्या कडेवर बसणारी रबरी कडी, बसवा (पितळेची धार कापड सहज कापते) आणि आतल्या बाजूला वायर क्लॅम्पने पकडा.

प्लग तीन पिनांचा, ६ अँपिअरचा घ्या. दोन पिनांचा उलटा बसतो, मग वायरवरचा स्विच न्यूट्रल तोडतो आणि बंद लॅम्पमध्येही फेज राहते. स्विच तपकिरी तारेवरच घाला.

प्लग बोर्डात घालण्याआधी, बल्ब काढून आणि स्विच चालू ठेवून, मल्टिमीटर बीपवर (दोन टोकं आतून जोडलेली असली की वाजतो त्यावर) लावा. प्लगची मोठी पिन आणि लॅम्पचं पितळ यांच्यात बीप वाजलाच पाहिजे. लहान दोन पिना आणि पितळ यांच्यात, तसंच त्या दोघींत आपापसात, अजिबात वाजता कामा नये.

लॅम्प वाड्यातच ठेवणार असाल तर बोर्ड आधी वायरमनला दाखवा. जुन्या घरांत तिसरं भोक असतं, पण त्यामागे अर्थिंगची तार असतेच असं नाही. फेज आणि अर्थिंगमध्ये बल्ब लावून बघायला सांगा: तो पूर्ण पेटला पाहिजे. घरात आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) असेल तर तो पडेल, आणि तेही चांगलंच लक्षण आहे. आणि पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंतीला किंवा उघड्या गॅलरीत ही वायर नेऊ नका, सुती कापड पाणी शोषून धरतं.