वाचकांचे प्रश्न : थंडीच्या दिवसांत सायकलने कामावर जाताना

प्रश्न : मी पंचवटीत राहतो आणि सातपूरच्या एका कारखान्यात पहिल्या पाळीला आहे. पाळी सातला सुरू होते, म्हणून सव्वासहाला घर सोडतो. पावसाळा संपल्यावर मोटारसायकल ठेवून सायकल सुरू केली; जाऊन-येऊन साधारण सोळा किलोमीटर होतात. दिवाळीपर्यंत काहीच त्रास नव्हता. आता होळकर पुलावर आलो की बोटे बधिर होतात, छातीत गारवा शिरतो आणि तरीही कारखान्यात पोचेपर्यंत बनियन घामाने चिंब झालेले असते. जाड स्वेटर घातला तर उकडते, काढला तर कुडकुडायला होते. सोबतचे लोक म्हणतात, फेब्रुवारीपर्यंत सायकल ठेवून दे. मी काय करावे?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : सायकल ठेवून देऊ नका. आपल्याला होणारा त्रास खरा आहे, पण त्यात नुसत्या थंडीचा वाटा आपल्याला वाटतो त्यापेक्षा कमी आहे. समोरून लागणारा वारा आणि अंगावर वाळणारा घाम ही त्याची मुख्य कारणे आहेत आणि या दोन्हींचा बंदोबस्त घरातल्याच वस्तूंनी होऊ शकतो.

डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा १० अंशांपर्यंत किंवा त्याच्याही खाली उतरणे नाशिककरांना नवे नाही. हवा १० अंशांची असताना आपण ताशी २० किलोमीटर वेगाने सायकल चालवली, तर वारा पडलेला असला तरी उघड्या त्वचेला ती साधारण ७ अंशांसारखी लागते. पुलावर हे अधिक जाणवते याचे कारण असे, की रात्री गार झालेली हवा जड असल्यामुळे नदीच्या खोलगट भागात उतरून साचते आणि तिथे वारा अडवायला घरे किंवा झाडेही नसतात. पूल ओलांडून त्र्यंबक रस्त्याला लागलात की गोष्ट उलटते. गोदावरी त्र्यंबककडून नाशिककडे वाहते, म्हणजे सातपूरकडे जाताना आपण नकळत चढाला असता. तो चढ डोळ्यांना दिसत नसला तरी पायांना कळतो आणि अंग तापू लागते. पुलाच्या बेताने घातलेला स्वेटर पुढच्या रस्त्यावर नकोसा होतो तो त्यामुळेच.

म्हणून कपड्यांची सुरुवात सर्वांत आतून करा. सुती बनियन घाम शोषते आणि तो धरून ठेवते; पाळी सुरू झाल्यावरही तास-दीड तास तो ओला गारवा पाठीला चिकटून राहतो. त्याऐवजी खेळाडू वापरतात तसले पातळ पॉलिस्टरचे बनियन घाला आणि दुसरे कोरडे बनियन पिशवीत ठेवून कारखान्यात पोचताच बदला. त्यावर पूर्ण बाह्यांचा सदरा किंवा पातळ स्वेटर आणि सर्वांत वर वारा अडवणारे साधे जर्किन पुरेसे आहे. हाताने विणलेला जाड स्वेटर घरात ऊब देतो, पण सायकलवर त्याच्या टाक्यांमधून वारा सरळ आत येतो. जर्किनची चेन पुलावर गळ्यापर्यंत लावावी, सीबीएस, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानक, मागे पडले की अर्धी उघडावी. घराबाहेर पडल्यावर पहिली पाच मिनिटे थोडे गारच वाटले पाहिजे. फाटकातच उबदार वाटत असेल, तर अंगावर एक कपडा जास्त आहे असे समजावे. जर्किन नसेल, तर वर्तमानपत्राची दुहेरी घडी सदऱ्याच्या आत छातीशी ठेवावी. शर्यतीतले सायकलपटू लांब घाट उतरण्यापूर्वी हाच उपाय करत आले आहेत आणि मी स्वतः अनेक हिवाळे तो केला आहे.

बोटांचा प्रश्न छातीशी जोडलेला आहे. धड गार पडू लागले, की शरीर ते गरम राखण्यासाठी हातापायांकडचे रक्त आखडते घेते. त्यामुळे छाती झाकली की बोटांचा बधिरपणा काही अंशी आपोआप कमी होतो. कारखान्यात मिळणाऱ्या सुती हातमोज्यांतून वारा आरपार जातो, परंतु त्यांच्यावर भांडी घासताना वापरतात ते रबरी हातमोजे एक माप मोठे घेऊन चढवले, तर वारा अडतो आणि मुठीवरची पकडही सुटत नाही. कोणतेही हातमोजे घेतले तरी घरासमोर उभे राहून दोन्ही ब्रेक पूर्ण दाबून पाहा. बधिर बोटांनी ब्रेक अर्धा सेकंद उशिरा लागला, तर ताशी २० किलोमीटर वेगाला तेवढ्यात सायकल पावणेतीन मीटर पुढे गेलेली असते.

कानांसाठी हेल्मेटच्या आत बसेल अशी पातळ कानटोपी वापरा. जाड माकडटोपीने मागच्या गाडीचा आवाज दबतो आणि मान वळवल्यावर बाजूचेही नीट दिसत नाही. मफलर गुंडाळायचाच असेल, तर त्याची दोन्ही टोके जर्किनच्या आत खोचा. एका जानेवारीत माझ्या मफलरचे मोकळे टोक पाठीवरून घसरून मागच्या चाकाच्या आऱ्यांत गेले. चाक जागेवर आवळले, गळ्याला हिसका बसला आणि मी रस्त्याच्या कडेच्या मुरमावर पडलो. वेग कमी होता आणि मागे गाडी नव्हती, म्हणून मानेवरच्या लाल वळावर निभावले. तेव्हापासून एखाद्या सायकलस्वाराचा मफलर लोंबताना दिसला, की अनोळखी असला तरी मी त्याला थांबवून सांगतो.

आपण पत्रात अंधाराचा उल्लेख केलेला नाही, पण मला सर्वांत जास्त काळजी त्याचीच वाटते. वर्षातला सर्वांत लहान दिवस २२ डिसेंबरच्या आसपास असतो हे आपण शाळेत शिकतो आणि त्यानंतर पहाटही लवकर होत असेल असे गृहीत धरतो. प्रत्यक्षात आधी संध्याकाळ लांबते. सूर्योदय मात्र जानेवारीच्या मध्यापर्यंत मागेच सरकत राहतो. नाशिकला तो सर्वांत उशिरा, म्हणजे सातच्या पुढे दहा-बारा मिनिटांनी, नेमका संक्रांतीच्या सुमारास होतो. दिवस तिळातिळाने वाढतो हे खरे असले तरी आपल्या वेळेला त्याचा उपयोग फेब्रुवारीतच होणार आहे आणि तोवर आपला जवळजवळ सगळा रस्ता अंधारात किंवा झुंजुमुंजू उजेडात जाणार आहे. त्याच वेळेला पंचवटीत बाजार समितीकडे भाजीपाल्याच्या गाड्या घाईने येत-जात असतात. पुढे पांढरा आणि मागे लाल असे चार्ज होणारे दोन दिवे घ्या. डायनामोचा दिवा चाक थांबले की विझतो, म्हणजे चौकात उभे असताना, जेव्हा दिसण्याची गरज सर्वांत जास्त असते, तेव्हाच आपण दिसेनासे होतो. काळ्या जर्किनवर उजेड परतवणारी पट्टी शिवून घ्या. पॅडलवरचे पिवळे परावर्तक मळले असतील तर पुसा, कारण वर-खाली हलणारा उजेड मागच्या चालकाच्या लगेच लक्षात येतो.

सायकलीविषयी दोनच गोष्टी सांगतो. दुपारी ३० अंशांत ५० पौंड हवा भरली, तर पहाटे १० अंशांत ती साधारण ४६ भरते. म्हणून चाक रोज बसल्यासारखे वाटले तरी लगेच पंक्चर शोधू नका, आठवड्यातून एकदा सकाळी हवा पाहा. दुसरी गोष्ट साखळीच्या तेलाची. आपल्याकडे बाटलीतले खोबरेल तेल साखळीला लावण्याची सवय अनेक घरांत आहे, परंतु ते साधारण २४ अंशांच्या खाली थिजते. न्हाणीघरातल्या बाटलीत पहाटे जो पांढरा गोळा दिसतो, तोच साखळीच्या कड्यांमध्ये तयार होतो, त्यावर हिवाळ्यातली कोरडी धूळ बसते आणि पॅडल जड लागते. साखळी रॉकेलने पुसून शिलाई यंत्राचे तेल थेंब-थेंब सोडा आणि वरवरचे फडक्याने टिपून घ्या.

प्रश्न : माझी मुलगी नववीत आहे आणि सहकारनगरहून सदाशिव पेठेतल्या शाळेत सायकलने जाते. शाळा सव्वासातची आहे. माझ्या सासूबाईंना वाटते, की सकाळच्या वाऱ्याने तिला सर्दी-खोकला होईल. दोन महिने रिक्षा लावावी का?
— एक पालक, पुणे

उत्तर : सर्दी विषाणूंमुळे होते आणि ते विषाणू उघड्या रस्त्यापेक्षा दारे-खिडक्या लावून घेतलेल्या वर्गात किंवा खच्चून भरलेल्या रिक्षात अधिक सहज पसरतात. गार, कोरड्या हवेत सायकल चालवताना नाक वाहते, कारण आत येणारी हवा ओली आणि उबदार करण्यासाठी नाक जास्त पाझरते. शाळेत पोचल्यावर दहा मिनिटांत ते थांबत असेल, तर काळजीचे कारण नाही. ताप, घशात दुखणे किंवा रात्रीचा खोकला असेल त्या दिवशी मात्र सायकल नको.

सासूबाईंची काळजी मोडून काढू नका, तिला काम द्या. पुणे सायकलींचे शहर म्हणून ओळखले जात होते त्या काळात असंख्य मुली याच थंडीत शाळा-महाविद्यालयांत सायकलने जात होत्या. कदाचित त्या स्वतःही गेल्या असतील. त्यांनी मुलीच्या गणवेशाच्या स्कर्टखाली घालायला पूर्ण लांबीची विजार शिवून किंवा आणून द्यावी. गुडघ्यावर मांस फार कमी असते आणि वारा त्यावर सरळ लागतो, म्हणून गार गुडघ्यांनी पहिल्या चढाला जोर लावण्यापेक्षा पहिली काही मिनिटे हलके पॅडल मारणे चांगले. गणवेशाचा स्वेटर गडद निळा असेल, तर दप्तरावर उजेड परतवणारी पट्टी लावा. रात्री सायकल उघड्यावर राहत असेल, तर सीटवर प्लॅस्टिकची पिशवी बांधून ठेवा. दवाने भिजलेल्या सीटवर बसून तिने पहिले दोन तास ओल्या कपड्यांत काढू नयेत. चौकातल्या रंगवलेल्या पट्ट्या आणि गटाराची झाकणे दवाने निसरडी होतात, तेव्हा त्यांच्यावर असताना ब्रेक दाबू नये आणि वळू नये, एवढे तिला एकदा सोबत जाऊन दाखवा.

प्रश्न : वय ५७. नागपुरात कार्यालयात सायकलने जातो. दम्याचा जुना विकार आहे. थंडी वाढली की अर्ध्या वाटेत छाती आवळते. सायकल बंद करावी लागेल का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : आधी आपल्या डॉक्टरांना भेटा आणि ही तक्रार याच शब्दांत सांगा. गार, कोरडी हवा तोंडाने वेगात ओढली, की दमेकऱ्याच्या श्वासनलिका आकुंचन पावतात. निघण्यापूर्वी औषधाचा फवारा घ्यावा का आणि किती मिनिटे आधी घ्यावा, हे तेच ठरवू शकतात. आपण करण्यासारखे असे, की पहिली दहा मिनिटे इतके सावकाश जावे की तोंड मिटून नाकाने श्वास पुरला पाहिजे. नाकातोंडावर सुती रुमाल सैल बांधा, म्हणजे बाहेर सोडलेल्या श्वासाची ऊब आणि ओल आत येणाऱ्या हवेला मिळते. फवारा पाठीवरच्या पिशवीत ठेवू नका, सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवा. तिथे तो गार पडत नाही आणि लगेच हाताशी येतो.

हिवाळ्यात पहाटे जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार असते, त्यामुळे शेकोट्यांचा आणि जाळलेल्या कचऱ्याचा धूर वर न जाता रस्त्यावरच तरंगत राहतो. कार्यालयाची वेळ परवानगी देत असेल, तर ऊन चढल्यावर, नऊ-साडेनऊला निघा. छाती आवळली तर उतरून उभे राहा, फवारा घ्या आणि आराम पडल्यावरही उरलेली वाट सायकल हातात धरून चाला. आराम न पडल्यास, किंवा दुखणे हाताकडे, जबड्याकडे सरकल्यास, दम्याचेच असेल असे मानून वाट न पाहता तातडीने रुग्णालयात जावे. सायकल जवळच्या दुकानदाराकडे ठेवता येते.