क्विक रिलीज माउंट घेताय? आधी रेल मोजा

एअर रायफलसाठी स्कोप (नेम धरायची दुर्बीण) घेतलात, अभिनंदन! आता माउंटची, म्हणजे स्कोप रायफलवर धरून ठेवणाऱ्या पकडीची, घाई करू नका. क्विक रिलीज म्हणजे लिव्हर उघडून पटकन काढता-लावता येणारा माउंट. आधी रायफलच्या पाठीवरची खाच मोजा. बहुतेक एअर रायफलवर 11 मिमीचा डव्हटेल (तिरक्या कडांची खाच) असतो, तर बाजारातले बरेचसे क्विक रिलीज माउंट रुंद पिकॅटिनी रेलसाठी (आडव्या खाचांची पट्टी) बनवलेले असतात. ते डव्हटेलवर बसत नाहीत. नवीन मंडळी इथेच फसतात. स्कोपची नळी 25.4 मिमीची की 30 मिमीची, तेही बघून घ्या.

रायफल स्प्रिंगची असेल तर माझं स्पष्ट मत: सध्या क्विक रिलीज नको. स्प्रिंगचा झटका मागे-पुढे दोन्हीकडे बसतो आणि स्कोप हळूहळू मागे सरकतो. स्टॉप पिन (माउंटला सरकू न देणारी खीळ) असलेला साधा स्क्रूचा माउंट घ्या. पीसीपीला (आधीच दाबाने भरलेल्या हवेवर चालणाऱ्या रायफलला) झटका जवळपास नसतोच, तिथे क्विक रिलीज खुशाल वापरा.

घेतल्यावर एवढं करा:
- लिव्हर बोटांनी दाबून घट्ट बसली पाहिजे. सैल वाटली तर समोरचा नट थोडा आवळा.
- रिंगचे स्क्रू आलटून-पालटून, बेताने आवळा. जास्त जोर लावलात तर नळी चेपते.
- डव्हटेलवर माउंटची जागा पेन्सिलने आखून ठेवा.

मग पाच छर्रे मारा, स्कोप काढून परत त्याच खुणेवर लावा, आणखी पाच मारा. दोन्ही गट एकाच जागी पडले तर माउंट ठेवा, नाहीतर सरळ परत करा.