पैसे येतात, पण जात नाहीत

या वेळी आलेली बहुतेक पत्रं एकाच दुखण्याची आहेत: फोनवरून पैसे देणारं ॲप अडून बसलंय. ३१ वर्षं मी बँकेच्या काउंटरवर होते, आणि आता दर मंगळवारी सकाळी नौपाड्यात ज्येष्ठांच्या कट्ट्यावर फोनच्या अडचणी बघायला बसते. त्यामुळे या पत्रांतली घालमेल मला परकी नाही. चार पत्रं निवडली आहेत. पहिल्याचं उत्तर मुद्दाम सविस्तर दिलंय, कारण तीच अडचण सगळ्यात जास्त लोकांना येते.

प्रश्न : माझं वय ६३. मी घरून पुरणपोळ्या आणि फराळाच्या ऑर्डरी घेते. मुलाने नवा फोन पाठवला, जुन्यातली दोन्ही सिमकार्डं त्यात घातली. तेव्हापासून ॲप उघडलं की ‘मोबाईल नंबर तपासत आहोत’ असं येतं, चक्र फिरत राहतं आणि शेवटी ‘एसएमएस पाठवता आला नाही’. तीन वेळा ॲप काढून पुन्हा घातलं. गिऱ्हाइकांचे पैसे खात्यात येताहेत, पण मला कुणाला देता येत नाहीत. परवा जांभळी नाक्यावर भाजी पिशवीत भरून झाल्यावर परत काढून द्यावी लागली. बँकेत जाऊन खातं बदलू का? — एक वाचक, चरई, ठाणे

उत्तर : ताई, खातं अजिबात बदलू नका. तुम्ही ओघात लिहिलेल्या एका गोष्टीतच सगळी मेख आहे: पैसे येताहेत. म्हणजे खातं ठीक, बँक ठीक, यूपीआय आयडीही ठीक. तुटलंय ते फक्त फोन आणि सिम यांच्यामधलं.

यूपीआयमध्ये तुमची ओळख ॲपवर नाही, सिमवर ठरते. नव्या फोनात ॲप चालू करताना तो फोन तुमच्या सिमवरून आपणहून एक एसएमएस पाठवतो. तो ज्या नंबरवरून आला तोच नंबर बँकेत नोंदवलेला असला, तरच गाडी पुढे सरकते. तो एसएमएसच बाहेर पडत नसेल, तर ॲप तीनदा काय, तीसदा काढून घातलं तरी काही फरक पडणार नाही.

गेल्या महिन्यात कट्ट्यावर एक आजोबा आले होते, निवृत्त शिक्षक. त्यांचीही हीच तक्रार. “नंबर चालू आहे हो, सकाळीच मुलीचा फोन येऊन गेला,” असं ते पुन्हा पुन्हा सांगत होते. मी त्यांच्या फोनवरून माझ्या नंबरला साधा मेसेज पाठवला, ‘नमस्कार’ एवढाच. शब्दाखाली बारीक लाल अक्षरं उमटली: पाठवला गेला नाही. त्या नंबरचा रिचार्ज नऊ दिवसांपूर्वी संपला होता. रिचार्ज संपला की जाणारे फोन आणि मेसेज लगेच थांबतात, पण येणारे पुढे काही दिवस चालू राहतात. फोन येतोय, ओटीपी येतोय, म्हणून माणसाला वाटतं नंबर शाबूत आहे. इंटरनेट दुसऱ्या सिमवर, त्यामुळे व्हॉट्सॲपही छान चाललेलं. समोरच्या दुकानातून रिचार्ज केला, पुन्हा ‘नमस्कार’ पाठवला, माझ्या पर्समधला फोन वाजला. पाच मिनिटांत ॲपही सुरू झालं. आजोबांनी लगेच कोपऱ्यावरच्या टपरीवर सगळ्यांना चहा सांगितला आणि पैसे फोनवरून दिले.

तेव्हा पहिलं काम हे करा. बँकेत जो नंबर दिलाय, त्याच सिमवरून शेजारणीला साधा एसएमएस पाठवा. व्हॉट्सॲप नको, साधा मेसेज. नाही गेला, तर रिचार्ज बघा. नुसत्या इंटरनेटचा पॅक मारला असेल तर त्यात एसएमएस नसतात, हेही दुकानदाराला विचारून घ्या. मेसेज गेला, तर मग ॲप नंबर तपासताना कोणतं सिम वापरतंय ते पाहा. दोन सिम असली की ते ‘सिम १’ की ‘सिम २’ असं विचारतं, आणि घाईत आपण पहिल्यावरच बोट ठेवतो. नव्या फोनात घालताना सिमांच्या जागा अदलाबदल झाल्या असण्याची शक्यता दाट आहे. ॲप एसएमएसची परवानगी मागतं तेव्हा ‘नाही’ दाबलं गेलं असेल, तर सेटिंगमध्ये जाऊन ती परत द्या. फोनची तारीख-वेळ आपोआप घेण्यावर ठेवा. आणि एवढं काम होईपर्यंत घरचं वायफाय बंद करून मोबाईलचं इंटरनेट वापरा.

सुरू झालं की दोन गोष्टी ध्यानात असू द्या. यूपीआय पिन जुनाच चालतो. तो बँकेच्या खात्याचा असतो, फोनचा नाही. आठवत नसेल तर अंदाजाने मारत बसू नका, तीनदा चुकला की बहुतेक बँका तो २४ तासांसाठी बंद करतात. डेबिट कार्डाचे शेवटचे सहा आकडे आणि मुदत टाकून, किंवा आधारच्या ओटीपीने, शांतपणे नवा पिन करता येतो. दुसरं म्हणजे, अँड्रॉइड फोन बदलल्यावर पहिले २४ तास एकूण ५,००० रुपयांपर्यंतच देता येतात. तूप, गूळ, डाळीचं मोठं बिल त्या दिवशी द्यायला जाऊ नका. नाकारलं गेलं की पुन्हा वाटेल ॲप बिघडलं, आणि तुम्ही चौथ्यांदा ते काढून टाकाल.

कुणी सिमच नवीन घेतलं असेल, हरवलं म्हणून किंवा ई-सिम केलं म्हणून, तर त्या नंबरवर पहिले २४ तास येणारे-जाणारे दोन्ही एसएमएस बंद असतात. तो बिघाड नाही. कुणी चोरून तुमचं सिम काढलं तर त्याला लगेच हात मारता येऊ नये, म्हणून ती आडकाठी घातली आहे. तो एक दिवस पिशवीत रोख ठेवा.

प्रश्न : किराणा दुकानात १,८४० रुपये दिले. माझ्या खात्यातून गेले, पण दुकानदाराचा डबा बोलला नाही. तो म्हणाला पैसे आले नाहीत, म्हणून मी पुन्हा दिले. आता पहिले पैसे कुठे गेले? — एक वाचक, खारेगाव, कळवा

उत्तर : पहिल्या व्यवहारापुढे ॲपमध्ये काय लिहिलंय ते आधी वाचा. ‘यशस्वी’ असेल तर पैसे दुकानदाराकडेच आहेत. तो बोलणारा डबा म्हणजे एक वेगळं यंत्र. त्याला त्याचं स्वतःचं सिम आणि बॅटरी असते, त्याची रेंज गेली की तो गप्प बसतो. डबा बोलला नाही म्हणजे पैसे आले नाहीत, असं नसतं. व्यवहाराचा १२ आकडी यूटीआर क्रमांक दुकानदाराला दाखवा आणि त्याला स्वतःच्या ॲपमध्ये बघायला सांगा. माझ्या बाबतीतही हे झालंय. औषधाच्या दुकानात मागे रांग लागलेली, डबा गप्प, मी गडबडून दुसऱ्यांदा ६४० रुपये दिले. दोन्ही वेळा पोचले होते. दुकानदार सज्जन, त्यांनी संध्याकाळी हिशेब जुळवताना पाहिलं आणि स्वतः फोन करून परत दिले. तेव्हापासून मागचे कितीही कुरकुरले तरी पहिल्या व्यवहाराचा निकाल लागेपर्यंत मी दुसऱ्यांदा पिन टाकत नाही.

‘प्रक्रियेत’ किंवा ‘अयशस्वी’ दिसत असेल, तर नियम तुमच्या बाजूने आहे. रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार, खात्यातून पैसे गेले पण दुकानाकडे व्यवहार पक्का झाला नाही, तर ते व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत आपोआप परत यायला हवेत. एखाद्या व्यक्तीला पाठवले आणि तिच्या खात्यात जमा झाले नाहीत, तर एकाच दिवसात. हे दिवस कॅलेंडरचे, रविवार-सुट्टी धरून. त्यापुढे उशीर झाला तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई, आणि तीही मागावी न लागता मिळायला हवी. तरी तारीख लिहून ठेवा. मी काउंटरवर असताना पाहिलंय, ज्याच्याकडे तारीख आणि क्रमांक लिहिलेला असतो त्याचं काम पटकन होतं.

तक्रार त्या व्यवहारावर बोट ठेवून ॲपमधूनच करा, मग बँकेत लेखी. ३० दिवसांत बँकेचं उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. त्याला पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही. माहितीसाठी १४४४८ वर विचारा.

प्रश्न : ॲप चालत नव्हतं म्हणून इंटरनेटवर कस्टमर केअरचा नंबर शोधला. माणूस गोड बोलत होता. त्याने एक ॲप घ्यायला लावलं, अडकलेले पैसे परत देतो म्हणून पिन टाकायला सांगितला. ९,९९९ रुपये गेले. नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही. — एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर : ताई, हे वाचताय तिथेच थांबा आणि १९३० हा ऑनलाइन फसवणुकीच्या तक्रारीचा सरकारी नंबर लावा. डेबिट कार्डाच्या मागे छापलेल्या बँकेच्या नंबरवरही लगेच कळवा, खातं आणि यूपीआय बंद करायला सांगा, आणि तक्रारीचा क्रमांक मागून घ्या. किती दिवस झाले याचा विचार करत बसू नका. बँकेला कळवल्यानंतर खात्यातून जे जाईल ते बँकेने सोसायचं, असा रिझर्व्ह बँकेचा २०१७ पासूनचा नियम आहे. कळवण्याआधीचं, पिन आपणच टाकलेला असेल तर, आपल्यावर येतं. त्या माणसाने घ्यायला लावलेलं ॲप काढून टाका, त्यातून त्याला तुमची स्क्रीन दिसते. मग दुसऱ्या फोनवरून बँकेचे पासवर्ड बदला.

पैसे घेण्यासाठी पिन कधीही लागत नाही. पिन मागितला की पैसे जाणार, येणार नाहीत. मदतीचा नंबर ॲपच्या आतून घ्यायचा, शोधून काढायचा नाही.

आणि घरी सांगा. तुम्ही मूर्ख नाही. ज्यांना रोज शंभर जणांशी असं बोलायची सवय आहे, त्यांनी तुम्हाला अडचणीत असताना गाठलं. माझ्याकडे निवृत्त बँक अधिकारीसुद्धा हीच गोष्ट घेऊन आलेत.

प्रश्न : तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटमध्ये पहाटे गर्दीत इंटरनेट चालतच नाही. हमाली आणि चहाचे पैसे द्यायला काही सोय आहे का? — एक वाचक, वाशी

उत्तर : आहे. बँकेत नोंदवलेल्या नंबरवरून *९९# डायल करा. इंटरनेट लागत नाही, साधी फोनची रेंज पुरते. एका वेळी ५,००० रुपयांपर्यंत जातात. पहिल्यांदा बँक निवडून नोंदणी करावी लागते, ती पहाटे गाळ्यावर उभं राहून करू नका, आदल्या रात्री घरी बसून करा आणि एक रुपया घरच्याच कुणाला पाठवून बघा. डेबिट कार्ड जवळ असू द्या.