पुस्तक मिट, मग बोल

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

ॲनाटॉमीतला काखेचा भाग चार वेळा वाचला, पानं पिवळ्या पेनने रंगवली, तरी व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, तोंडातून शब्द फुटला नाही. आपली बुद्धीच कमी पडते का, असं विचारतेस. बुद्धीला मध्ये आणू नकोस. वाचताना पुस्तक उघडं होतं, व्हायवाला मिटलेलं होतं. चौथ्यांदा समोर आलेलं पान ओळखीचं वाटतं आणि आपण त्यालाच 'येतंय' म्हणतो.

म्हणून पुस्तक मिट. कोरा कागद घे आणि ब्रेकियल प्लेक्सस काढ, म्हणजे मानेतून काखेतून हाताकडे जाणारं नर्व्हचं (मज्जातंतूंचं) जाळं. पाठीच्या कण्यातून निघणारी सी-५ ते टी-१ अशी पाच मुळं, त्यांचे तीन ट्रंक, प्रत्येकाचे पुढचं-मागचं मिळून सहा डिव्हिजन, मग तीन कॉर्ड, शेवटी पाच मोठ्या नर्व्ह. डिव्हिजन कुठे कुणाला मिळतात तिथे अडशील, सगळेच अडतात. मागची तिन्ही मिळून पोस्टिरिअर कॉर्ड. वरच्या आणि मधल्या ट्रंकची पुढची मिळून लॅटरल. खालच्याची पुढची एकटीच मीडिअल. अडलीस की लगेच पान उलटू नकोस, दोन मिनिटं अडून राहा. मग बघ, चुकलेली रेघ लाल पेनने सुधार, पुन्हा मिट. हेच चित्र दुसऱ्या दिवशी, मग तीन दिवसांनी, आठवड्याने, तीन आठवड्यांनी. दर वेळी कागद कोराच.

याला वेळ लागतो, अशी तक्रार येणारच. पुन्हा वाचण्यात जातो तो वेळ नव्हे का? २००६ साली रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांवर हेच तपासलं. उतारा वाचून झाल्यावर पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तर न बघता आठवून लिहिणारे पुढे. आदल्या रात्रीचं वाचन सकाळी भरवशाचं वाटतं आणि पुढच्या टर्मला कोरं होतं, ते यामुळे.

डिसेक्शनला, म्हणजे शवविच्छेदनाच्या तासाला, जाण्याआधी अर्धा तास त्या दिवसाचा भाग वाच. आत गेल्यावर पहिल्यांदा नावं ऐकलीस तर समोर नुसता गुंता दिसेल. कॉन्टॅक्ट लेन्स घालू नकोस, फॉर्मॅलिनने डोळे झोंबतात. नर्व्ह, आर्टरी (रोहिणी), व्हेन (नीला) ओळखायला रंगावर जाऊ नकोस, बोटांत धर: आर्टरीची भिंत जाड आणि नळी उघडी, व्हेन पातळ आणि चपटी, नर्व्ह आतून भरीव दोरीसारखी. शेजारच्या टेबलांवरही बघ, कारण शरीर पुस्तक वाचून घडलेलं नसतं. हॉलमधून बाहेर पडलीस की आज काय काय दिसलं ते न बघता लिहून काढ. दहा मिनिटं पुरतात.

हाडांचंही तेच. ह्यूमरस, म्हणजे दंडाचं हाड, डोळे मिटून हातात घे. डोकं वर आणि आतल्या बाजूला, कोपराकडचा खळगा, ओलेक्रेनॉन फोसा, मागे. यावरून डावं की उजवं ते सांग. मग बोट फिरव: डोक्याखालच्या सर्जिकल नेकपाशी ॲक्सिलरी नर्व्ह, मागच्या खाचेत रेडिअल, कोपराच्या आतल्या उंचवट्याच्या, मीडिअल एपिकॉन्डाइलच्या, मागे अल्नर. मधोमध मोडून रेडिअल दुखावली तर मनगट का लोंबतं, हे मग पाठ करावं लागत नाही.

फिजिऑलॉजीत चित्राऐवजी तोंड चालव. हृदयाचे मिनिटाला ७० ठोके, दर ठोक्याला ७० मिली रक्त (हाच स्ट्रोक व्हॉल्यूम), म्हणजे जवळपास ५ लिटर. इथवर सगळ्यांना येतं. माणूस झटकन उभा राहिला तर काय? रक्त पायांत साठतं, हृदयाकडे कमी परततं, स्ट्रोक व्हॉल्यूम घटतो, दाब उतरतो, मानेतल्या दाब मोजणाऱ्या कॅरोटिड सायनसमधून मेंदूकडे जाणारे संदेश मंदावतात, हृदयाला वेग देणारी सिम्पथेटिक यंत्रणा जागी होते, ठोके वाढतात. भिंतीला सांग, पण मोठ्याने. मधली एखादी पायरी गाळलीस तर कानालाच कळेल.

बायोकेमिस्ट्रीत क्रेब्स सायकल, म्हणजे पेशीतलं ऊर्जा काढणारं रासायनिक चक्र, पुस्तकातून उतरवून काढू नकोस. एका फेरीत तीन एनएडीएच, एक एफएडीएच-टू, एक जीटीपी, हे ऊर्जा वाहणारे रेणू कुठल्या पायरीवर निघतात ते आठवून मांड. हिस्टॉलॉजी, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली ऊती बघणं, त्याबद्दल एवढंच: स्लाइड आधी कमी पॉवरखाली बघ, आणि ४० च्या लेन्सवर मोठा स्क्रू फिरवू नकोस, काच फुटते.

झोप तोडून हे करायचं नाही. झोप न झालेल्या डोक्यातून आठवून काही निघत नाही.

मी एकच तुणतुणं वाजवतो असं म्हणशील. वाजवतो. रंगवलेल्या पानांवर भरवसा ठेवून बसणं किती महाग पडतं, हे मला फार उशिरा कळलं. तेव्हा कुणी इतक्या वेळा सांगितलं असतं तर मीही वैतागलो असतो, पण पुस्तक मिटलं असतं.

उत्तरात खुशाली दोन ओळींत पुरे. सोबत न बघता काढलेला ब्रेकियल प्लेक्सस पाठव, लाल रेघांसकट. स्वच्छ चित्र आलं तर परत पाठवीन.