बाई काही सांगत नाहीत, की फार सांगतात?

प्रश्न : मी ३४ वर्षांची, ऐरोलीला राहते, ठाण्यात एका खासगी ऑफिसात अकाउंट्स बघते. झोप लागेनाशी झाली म्हणून नौपाड्यात एका समुपदेशक बाईंकडे जाते. एका बैठकीचे हजार रुपये. पण ‘असं करा’ म्हणून त्या काही सांगतच नाहीत, मलाच विचारतात, ‘तुम्हाला काय वाटतं?’ मागच्या वेळी मात्र विचारलं, ‘पगार कोणाच्या हातात असतो?’ माझं एटीएम कार्ड मिस्टरांकडे असतं, मला गाडीभाड्यापुरते पैसे मिळतात. घरी हे बोलले तर मिस्टर म्हणाले, ‘ही बाई फेमिनिस्ट आहे, घर मोडेल.’ जाणं बंद करू का?

उत्तर : हजार रुपये मोजून वर ‘तुम्हाला काय वाटतं’ ऐकायचं, म्हणजे वैताग येणारच! पण गंमत बघा, बाई काही सांगत नाहीत ही तुमची तक्रार आणि फार सांगतात ही मिस्टरांची.

त्यांची पद्धत व्यक्तिकेंद्री दिसते, म्हणजे सल्ला न देता तुमचं उत्तर तुम्हालाच शोधू देणारी. ती कार्ल रॉजर्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाची. समुपदेशकाने मुखवटा न घालता वागावं, समोरच्याला अटी न घालता स्वीकारावं, त्याच्या नजरेतून जग बघावं, असं त्यांनी १९५७च्या एका लेखात मांडलं. ‘असं वागलीस तरच चांगली’ या अटी लहानपणापासून आपल्या आत जाऊन बसतात आणि मग आपण स्वतःला त्यांनीच मोजतो, हेही त्यांचंच म्हणणं. आवाज चढवायचा नाही, सगळ्यांची पानं वाढून झाल्यावर बसायचं, पगाराचा हिशेब मागायचा नाही. दिवसभर ऑफिसात दुसऱ्यांचे हिशेब तुम्हीच तपासता ना?

स्त्रीवादी समुपदेशक इथे एक गोष्ट जोडतात : या अटी तुमच्या एकटीच्या नशिबी आलेल्या नाहीत, घरोघरी बायकांच्याच वाट्याला त्या जास्त येतात. नुसतं मनात डोकावून भागत नाही, घरात पैसा आणि शब्द कोणाचा चालतो तेही बघावं लागतं. म्हणून तो पगाराचा प्रश्न. बाईंनी उद्या ‘नवऱ्याला सोडा’ म्हटलं, तर खुशाल दुसरीकडे जा. एकाचा हुकूम सुटून दुसरीचा ऐकायला तुम्ही पैसे देत नाही.

मात्र माहिती देणं म्हणजे हुकूम देणं नव्हे. कौटुंबिक हिंसाचारविरोधी २००५च्या कायद्यात आर्थिक छळही येतो, आणि राहत्या घरात राहण्याचा बाईचा हक्कही. तुमच्या घरी जे चाललंय ते त्यात बसतं का, हे वकिलाला विचारता येईल. पुढे काय करायचं ते तुम्ही ठरवा, पण हे बाईंनी सांगायला हवं होतं. मी तरी न विचारता सांगते. धमकी किंवा मारहाणीची वेळ आली तर १८१ ही महिला हेल्पलाइन आहे.

हे सदर आहे, बैठक नव्हे, म्हणून माझं मत सरळ देते : जात राहा. बैठकीतलं सगळं घरी सांगायलाच हवं असं नाही. आणि फीचे हजार रुपये मिस्टरांकडून मागून नेत असाल, तर तेही बाईंच्या कानावर घाला, कारण मग पुढची बैठक होणार की नाही हे ते ठरवणार. फी कमी होईल का, तेही विचारा. परिस्थिती बघून फी कमी करणारे समुपदेशक असतात.